अम्मीच्या ताब्यातलं ऊन

मागच्या वर्षी मी वीज कंपनीचा नाद कमी करून सूर्याकडून वीज घ्यायचं ठरवलं, आणि सूर्य आधीपासूनच आमच्या अम्मीच्या ताब्यात आहे हे मला कुणीच सांगितलं नाही.

(म्हणजे अख्ख्या पलूसला ते माहीत होतं. फक्त मला नव्हतं.)

मी सलीम मणेर. पलूसच्या पेठेत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. अब्बांच्या आधीपासूनचं. गुडघे धड होते तोवर अम्मी पाटी घेऊन गल्लोगल्ली बांगड्या भरायला जायची. आजूबाजूच्या चार गावांतल्या नवऱ्यामुलींचे चुडे तिनं भरलेत. त्यामुळे पन्नाशीच्या आतली कुठलीही बाई अम्मीला दिसली की हात मागं घेते. अम्मी मनगट धरूनच विचारपूस करते, आणि एकदा तिनं मनगट धरलं की खरं सांगितल्याशिवाय सुटका नाही.

आता बिलाचं सांगतो. विजेचं बिल दर खेपेला वाढत होतं. मी घरभर बटणं बंद करत फिरायला लागलो. एकदा स्वयंपाकघरातलं बंद केलं, तर आतून आमची बायको नसीम ओरडली, "आवं, मी हितं हाय! फोडणी करपली तर तुमीच खायची!" (करपली. खाल्ली.) मग मी फ्रीज रात्रीचा बंद ठेवायचा शोध लावला. तो एकच दिवस टिकला, कारण त्या दुधाचा चहा नसीमनं दुसऱ्या दिवशी सगळ्या घरात फक्त मलाच दिला.

तेवढ्यात सांगलीच्या एका सोलर कंपनीचे शिंदे दुकानात आले. आले होते बायकोसाठी पाटल्या बघायला, पण माझं तोंड बघून त्यांनी विषय बदलला.

"मणेरसाहेब, सूर्य कधी बिल पाठवत न्हाई."

बस्स! एवढ्या एका वाक्यावर मी गार. त्यांनी सगळं समजावलं. गच्चीवर पॅनल बसवायचे, दिवसा जादा झालेली वीज कंपनीला द्यायची, रात्री लागेल ती त्यांच्याकडून घ्यायची, की बिल गेलं शून्यावर. मी विचारलं, "आणि काच फुटली तर?" शिंदे हसले. "साहेब, गारा पडू द्यात, माकडं नाचू द्यात, काय सुद्धा होत न्हाई!" हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते गिऱ्हाइकांना, मशिदीतल्या मंडळींना, न्हाव्याला, सगळ्यांना ऐकवलं. सांगता सांगता माकडांच्या जागी हत्तीसुद्धा आला.

घरात मात्र जेवताना विषय काढला आणि पहिल्याच घासाला खडा लागला.

"पॅनल बसणार कुठं?" अम्मीनं विचारलं.

"गच्चीवर."

"आन माझ्या शेवया?"

इथं थोडं थांबून सांगावं लागेल. आमची गच्ची ही नावाला आमची. थंडी सरली की ती अम्मीची. ऊन तापायला लागलं की तिथं बाजा पडतात, धोतरं अंथरली जातात, काठ्या आडव्या होतात, आणि अम्मीचं शेवयांचं मशीन बाकड्याला आवळलं जातं. गल्लीतल्या बायका आपापल्या कुरडया, पापड, सांडगे घेऊन वर येतात. आणि रमजान ईदच्या आधी अम्मीच्या हातच्या शेवयांचा डबा उंब्रजला जातो, माझ्या धाकट्या बहिणीच्या, रुक्सानाच्या सासरी. रुक्सानाची सासू म्हणजे अवघड काम. डबा उघडला की ती एक शेवई उचलून कानाशी नेते, मोडते आणि आवाज ऐकते! इतक्या वर्षांत तिनं एकदाही नाव ठेवलेलं नाही. ती नाव ठेवत नाही, यावर रुक्सानाचं तिथलं सगळं वर्ष सुखात जातं. निदान अम्मीचं तरी तसं मत आहे.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही मी म्हणालो, "अम्मी, शेवया काय, हल्ली पाकिटात मिळत्यात."

नसीमनं पळी खाली ठेवली.

आमच्या घरात आम्ही दखनी बोलतो, पण अम्मी भांडायला लागली की मराठीवर येते, कारण गल्लीला कळलं पाहिजे. ती खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "पाकिटातल्या शेवया माझ्या लेकीच्या घरी जायच्या न्हाईत! मी मेल्यावर पाठव पाकीट!"

भिंतीपलीकडून आमचे शेजारी सुभेदार मोहिते खाकरले. सैन्यातून निवृत्त झालेला माणूस. खाकरले की समजायचं, ऐकू आलंय. मग मलाही चेव आला. मीसुद्धा खिडकीकडं तोंड करून जाहीर केलं, "पहिलं बिल शून्यावर आलं न्हाई, तर सगळे पॅनल उतरवतो आन गच्ची अम्मीच्या नावावर! सुभेदार, तुमी साक्षीला!"

"नोंद घेतली!" भिंत म्हणाली.

पॅनल बसले. काय ते रूप! गच्ची भरून चकचकीत काळ्यानिळ्या काचा, लोखंडी पायांवर तिरक्या उभ्या. पुढची कड कमरेएवढी, मागची डोक्याच्या वर. अम्मी जिना चढून बघायला आली. गुडघ्यांमुळं दुकानात यायचं सोडलेली बाई, पण आली. तिनं काचेवर बोट फिरवलं, नखानं टिचकी मारली. उभा जन्म काचेत गेलेला, तिला बरं-वाईट लगेच कळतं.

"सलीम, हिच्यावर काय पडलं तर फुटंल का रं?"

"अम्मी, हत्ती नाचला तरी काय होत न्हाई!"

"तापती किती पन!"

"तापणारच! सगळं ऊन हितंच गोळा होतंय."

"आन पुसाया लागती का?"

"धूळ बसू द्यायची न्हाई. रोज पुसली तर उत्तमच."

"मी पुसीन," अम्मी म्हणाली.

मला भरूनच आलं! मी खाली येऊन नसीमला सांगितलं, "बघ, अम्मी कशी बदलली. उगीच भांडलो मी." नसीम "व्हय" म्हणाली आणि चुलीकडं वळली. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, तिलाही भरून आलं असावं.

पहिले काही दिवस म्हणजे नुसती चैन. फोनवर एक ॲप होतं, त्यात किती वीज तयार होतेय त्याची रेघ दिसायची. सकाळी रेघ उठायची, दुपारी डोंगराएवढी व्हायची, संध्याकाळी उतरायची. मी दिवसभर तीच बघत बसायचो. एकदा एका बाईच्या हातात हिरव्या बांगड्या भरताना डोळा फोनवर गेला, आणि मी बांगडी घेऊन हवेतच दाबत बसलो.

"मणेरभाई," ती बाई म्हणाली, "हात माझा हितं हाय!"

पेठेत माझा भाव वाढला होता. दुकानदार विचारायला यायचे, कंपनी सोडावी का, सूर्याकडं जावं का. मी पाय पसरून सल्ले द्यायचो. "आरं गड्या, भ्यायचं कशाला? सूर्य कधी बिल पाठवत न्हाई!" एकानं विचारलं, "पण मणेर, तुमचं पहिलं बिल आलं का?" मी म्हणालो, "येईल की! शून्य लिहायला कितीसा वेळ लागतोय?"

आणि रमजान लागला.

रमजानात माझं वेळापत्रक सोपं असतं. सहेरी करून सकाळीच दुकानात जायचं, दुपारचं जेवण नाही, त्यामुळं घरी यायचं कारण नाही. थेट इफ्तारीला घरी. गच्चीवर जायचा तर प्रश्नच नाही. रोजा धरून जिना कोण चढणार? वर लक्ष ठेवायला अम्मी होतीच की.

रमजान लागून दोन-चार दिवस झाले असतील. मी फोन उघडला आणि बघतच राहिलो. सकाळी रेघ झकास वर चढलेली. दहा वाजले आणि धाडकन खाली! भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, पेठेतली कुत्री सावली शोधत असताना, आमच्या गच्चीवर वीज जवळपास नाही. आणि चारच्या सुमाराला रेघ परत उठून चालायला लागली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दहाला सूर्य जायचा आणि चारला यायचा. सरकारी कचेरीसुद्धा यापेक्षा बरी, मी मनात म्हटलं.

शुक्रवार आला. जुम्म्याच्या नमाजाला दुकान बंद करून मी घरी आलो, आणि रोजा असूनसुद्धा दम खात खात गच्ची चढलो. वर सगळं लख्ख! काचा तर अशा पुसलेल्या की मला माझी दाढी दिसली. फोन बघितला, रेघ डोंगराएवढी! मी खूश होऊन खाली आलो. शनिवारी दहा वाजता पुन्हा धाडकन खाली.

मी हे सुभेदारांना सांगितलं. सुभेदार विचार करून म्हणाले, "म्हंजे तुमचा सूर्य जुम्म्याला बरोबर ड्यूटी करतोय. बाकीच्या दिवशी न्हाई."

"तसंच दिसतंय."

"लय धार्मिक हाय की वो!"

शिंद्यांना फोन लावला. ते म्हणाले, "साहेब, शंभर टक्के सावलीचा प्रॉब्लेम हाय. जवळपास झाड हाय का एखादं?"

झाड होतं! सुभेदारांचा नारळ! भिंतीला लागून, आमच्या गच्चीच्याही वर गेलेला. मी लगेच भिंतीशी गेलो. "सुभेदार, गैरसमज करून घेऊ नका, पण तुमच्या नारळाची सावली माझी वीज खातीया."

दुसरा कुणी असता तर भांडला असता. सुभेदारांच्या डोळ्यांत मात्र चमक आली. निवृत्तीनंतर त्यांना असं काम कुणी दिलं नव्हतं! त्यांनी कपाटातून दुर्बीण काढली, अंगणात खुर्ची टाकली आणि सकाळपासून नारळाच्या शेंड्यावर नजर लावून बसले. (त्यांचं घर बैठं. त्यांना खालून आमच्या गच्चीचा कठडा दिसतो, पलीकडचं काही दिसत नाही. हे लक्षात ठेवा.) संध्याकाळी त्यांनी मला बोलावून रिपोर्ट दिला.

"सावली दिवसभर आपल्याच हद्दीत. बॉर्डर क्रॉस केली न्हाई."

"पण वीज तर गेली, सुभेदार!"

"मग झावळ्या तोडू. संशयाला जागा नको."

झावळ्या तोडल्या. पहिली नीट खाली आली. दुसरी त्यांच्या स्कूटरवर आली आणि आरसा घेऊन गेली. सुभेदार माझ्याकडं न बघता म्हणाले, "मणेर, आता माझ्या गाडीला मागचं दिसत न्हाई." मी ओशाळून म्हणालो, "वैनींना सांगू नका, मी नवा बसवून देतो." ते म्हणाले, "वैनीला सांगायला ती घरात तर पायजे! हल्ली दुपारचं ताट झाकून ठिवती आन कुठं जाती, आठवडा झाला, मला पत्ता न्हाई. इच्यारलं तर म्हनती, उन्हाला गेल्ती."

मी त्या बोलण्याकडं लक्ष दिलं नाही. माझ्या डोक्यात फक्त वीज होती.

आरसा गेला, झावळ्या गेल्या, तरी सुभेदार रोज दुर्बीण घेऊन नारळाखाली बसतच होते, पण दहा ते चार वीज काही आली नाही. पेठेत चर्चा सुरू झाली. ज्यांना मी सल्ले दिले होते तेच आता मला विचारायला लागले, "काय मणेर, आज सूर्य आलाय का कामावर?" मी चिडचिडा झालो. फक्त इफ्तारीला मन जरा शांत व्हायचं. त्या वर्षी इफ्तारीला घरात खाण्याची नुसती रेलचेल होती. एके दिवशी नसीमनं कुरडया तळल्या. काय त्या कुरडया! तेलात टाकल्या की ताटाएवढ्या फुलायच्या आणि तोंडात ठेवल्या की नाहीशा.

"ह्या कुणी दिल्या?"

"मोहितेवैनींनी."

"अगं, इतक्या पांढऱ्याशुभ्र! धुळीचा कण न्हाई! कुठं वाळवल्या त्यांनी?"

"उन्हात," नसीम म्हणाली.

मग अम्मीनं नव्या शेवयांची खीर पुढं केली. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणालो, "अम्मी, ह्या खेपेला शेवया लय मोकळ्या झाल्यात. मशीन नवं आणलंस का काय?"

"मशीन तेच हाय," अम्मी म्हणाली. "ऊन बरं लागलं."

आणि मी, हा शहाणा, मान डोलवत म्हणालो, "ऊन बरं लागतंय म्हणतेस, मग माझ्या पॅनलला का लागत न्हाई?"

सगळे आपापल्या वाटीत बघायला लागले.

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. बिल यायचे दिवस जवळ आले होते आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा शब्द मी देऊन बसलो होतो. मी शिंद्यांना फोनवर फैलावर घेतलं. "तुमचा माल खोटा हाय! तुमचा सूर्य खोटा हाय! उद्या भर दुपारी या आन डोळ्यांनी बगा!"

शिंदे बिचारे दुसऱ्या दिवशी भर दुपारी सांगलीहून आले. मी दुकान बंद करून त्यांना घेऊन घरी गेलो. सुभेदार दुर्बीण गळ्यात अडकवून दारातच उभे होते. साक्षीदार म्हणून त्यांना बरोबर घेतलं. घरात नसीम एकटी होती. मला बघून ती दचकली. "आवं, आत्ता कसं काय? थांबा जरा, अम्मींना सांगते."

"कुणाला काय सांगायचं न्हाई! ह्या टेक्निकल गोष्टी हायत, तू मधी पडू नगंस!"

"बरं," नसीम म्हणाली आणि बाजूला झाली. पण आमच्या मागोमाग तीही जिना चढायला लागली. असा तमाशा कोण चुकवणार!

मी पुढं, मागं शिंदे, त्यांच्यामागं सुभेदार. जिना चढता चढता मी शिंद्यांना सुनावत होतो, "आज दूध का दूध, पानी का पानी होऊ दे!" आणि गच्चीचं दार ढकललं.

एकही पॅनल दिसत नव्हता.

पहिल्यावर पांढरं धोतर आणि त्यावर कुरडयांच्या रांगा. दुसऱ्यावर उडदाचे पापड. तिसऱ्यावर साबुदाण्याच्या चकल्या. पुढच्या सगळ्यांवर शेवया, शेवया आणि शेवया! मध्ये काठ्या बांधून त्यांवरसुद्धा शेवया लोंबत होत्या. आणि पॅनलच्या खाली, मागच्या उंच बाजूला, गार सावलीत सतरंजी अंथरून गल्लीतल्या सगळ्या बायका बसल्या होत्या. मध्ये अम्मी. समोर बाकड्याला आवळलेलं मशीन. आणि मशीनचा दांडा कोण फिरवत होतं? शालन मोहिते! सुभेदारीणबाई!

शिंद्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर बूट काढले. खायच्या वस्तू होत्या ना.

"आलास व्हय?" अम्मी मान वर न करता म्हणाली. "हात धुऊन ये. आन त्या काठीला धक्का लावू नगंस, ओल्या हायत."

"अम्मी! हे काय?"

"शेवया."

"ते कळलं! पण सोलरवर?"

"मग? हत्ती नाचला तरी काय होत न्हाई म्हनलास. शेवई काय हत्तीपरास जड हाय?"

बायका हसल्या. शेजारी सुभेदारांची वेगळीच लढाई सुरू झाली होती.

"अगं, तू हितं?"

"मग कुठं असनार?" शालनवैनी दांडा फिरवत म्हणाल्या. "तुमी झाडाखाली दुर्बीन घिऊन बसलाय. म्हनलं बसू द्या. तेवढाच जीव रमतोय तुमचा."

"दोन आठवडे मी नारळावर नजर ठेवली गं!"

"आन आरसा कुनी फोडला त्ये बी दिसलं मला. वरनं समदं दिसतंय."

शिंद्यांनी एका शेवईखाली वाकून काच तपासली, फोन बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "साहेब, पॅनल एकदम टॉप कंडिशनमधी हायत. इतके स्वच्छ पॅनल मी आख्ख्या जिल्ह्यात बघितले न्हाईत. फक्त त्यांना सूर्य दिसत न्हाई."

"आवं, मीच पुसते रोज," अम्मी अभिमानानं म्हणाली. "खायचं वाळत घालायचं, तर घान काचंवर कसं घालायचं?"

आता मला राग आला. रोजा, जिना, पेठेतली टिंगल, सगळं एकदम डोक्यात गेलं. मी ओरडलो, "अम्मी, तू मुद्दाम केलंस! मी हरावं म्हणून! गच्ची पायजे म्हणून!"

मशीनचा दांडा थांबला.

अम्मीनं हातातलं पीठ झटकलं. यावेळी खिडकीकडं तोंड वगैरे काही नाही. एकदम खालच्या आवाजात, मराठीतच पण फक्त माझ्यापुरतं, ती म्हणाली, "मी कशाला मुद्दाम करू रं? आजवर उन्हात बसून शेवया केल्या. डोस्कं फुटायचं माझं. तुजे अब्बा हुते तवा छत्री धरून उभं ऱ्हायचे माझ्या मागं. ते गेल्यावर म्हनलं, आता उन्हातच बसायचं. मग तू ह्ये घातलंस. वर ऊन, खाली सावली. मला वाटलं, तोंडानं भांडला, पर पोरानं माझ्यासाठी मांडवच घातला. मी समद्या गल्लीला तसंच सांगितलंय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अब्बा छत्री धरायचे ते मी लहानपणी रोज बघितलं होतं. ते गेल्यावर ती छत्री कुठं गेली हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं, आणि मी विजेची रेघ मात्र दिवसभर बघत होतो. डोळे भरून आले. रोज्यामुळं चक्कर आली असं सांगून मी सतरंजीवर बसलो. सावली खरंच गार होती.

"काढतो मी पॅनल," मी म्हणालो. "शब्द दिला होता. बिल शून्यावर येत न्हाई आता. गच्ची तुझी."

"खबरदार हात लावशील तर!" अम्मी कडाडली. आता मात्र खिडकीची गरज नव्हती, अर्ध्या पलूसला ऐकू गेलं. सगळ्या बायका एकदम बोलायला लागल्या. शालनवैनी तर उठून उभ्याच राहिल्या. "मणेरभाऊ, पॅनल काढायचं नाव काढू नगा! उद्या माझ्या सांडग्यांचा नंबर हाय!"

"सांडगे बी घालतीस?" सुभेदार म्हणाले. "मला बोलली न्हाईस!"

"तुमी ड्यूटीवर हुता!"

शिंद्यांना साक्षीला ठेवून तिथंच तह झाला. ईद होईपर्यंत सगळे पॅनल अम्मीचे. ईद झाल्यावर अर्धे माझे. पण पाऊस लागेपर्यंत बायकांचा माल जास्त झाला तर माझ्या अर्ध्यातले अर्धे पुन्हा अम्मीचे. जुम्म्याचा दिवस मात्र पूर्ण माझा, कारण जुम्म्याला अम्मी शेवयांचं काम करत नाही. (सूर्य धार्मिक का होता ते मला तेव्हा कळलं.) शिंद्यांनी जाताना एका पिशवीत कुरडया नेल्या आणि हळूच विचारलं, "चाची, आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांना ही आयडिया सांगू का?" मी त्यांना जिन्यापर्यंत ढकलत नेलं.

डबा उंब्रजला गेला. ईदच्या सकाळी रुक्सानाचा फोन आला. सगळे फोनभोवती गोळा झालो.

"अम्मी, सासूबाईंनी शेवई मोडली."

"आन?"

"दोनदा मोडली! दुसऱ्यांदा सगळ्या जावांना ऐकवली. म्हणाल्या, असा आवाज आजवर ऐकला नव्हता. कसं केलं ते तुझ्या आईला विचार म्हणतायत."

अम्मीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पदरानं डोळे पुसत ती म्हणाली, "त्यांना म्हनावं, माझ्या पोरानं सोलर घातलंय." आणि मनगट धरून मला जवळ ओढलं. मनगट धरल्यावर मीही खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, "अम्मी, पुढच्या वर्षीपण तिथंच वाळव."

बिल त्याच दिवसांत आलं. शून्य त्यात होतं, पण शेवटी. त्याच्या आधी बरेच आकडे होते. नसीमनं ते बिल कुणाला न सांगता शिरखुर्म्याच्या वाटीखाली ठेवलं. सुभेदार नवा आरसा लावलेल्या स्कूटरवरून ईदचा शिरखुर्मा खायला आले, वाटी उचलली, बिल वाचलं आणि सॅल्यूट ठोकून म्हणाले, "नोंद घेतली!"

मी चौथी वाटी संपवून पाचवी पुढं ओढत होतो, तेवढ्यात सांगलीच्या त्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "मणेरसर, ईद मुबारक! आमच्या सौरऊर्जेबद्दल तुमचा अनुभव कसा आहे?" मी समोर बघितलं. महिन्याभराची वीज माझ्यापुढं वाटीत होती, खारीक-बदाम घातलेली, आणि ती सगळी मीच खात आलो होतो.

"एक नंबर," मी घास गिळून म्हणालो. "फक्त दूध जरा जादा लागतंय."